तळ्यात, मळ्यात

डंडी, रात्रीचा पावणेदोनचा सुमार.
टे नदीवरून धुकं आलंय, काचेला नाक लावून उभं.
हीटर टकटक करतो, तापत नाही.
आज बारा मशीनं पुन्हा बांधायची. आठ झाली.
हे नववं.

पुन्हा बांधायचं म्हणजे
नाव तेच, पत्ता तोच,
आतलं सगळं उपसून
कोऱ्या इमेजवरून नव्यानं उभं करायचं.
बिऱ्हाड तेवढं बाजूला ठेवायचं:
एक व्हॉल्यूम, चाळीस जीबी,
त्यात बंदराच्या भरती-ओहोटीची अकरा वर्षं,
दर सहा मिनिटांनी मोजलेलं पाणी.

आधी सोडायचं, मग पाडायचं,
मग बांधायचं, मग जोडायचं.
मशीन उठलं, हिरवंगार, हसतमुख.
डिस्क मागितली तर म्हणालं, कुठली?

व्हॉल्यूमला विचारलं.
ते म्हणालं, मी वापरात आहे.
कुणाच्या?
त्यानं एक जोडणी क्रमांक सांगितला,
जो आता कुणाचाच नव्हता.

इचलकरंजीच्या शाळेत पटांगणावर
बाई भराभर ओरडायच्या, तळ्यात, मळ्यात, मळ्यात,
आणि शकू चौगुले हटकून अडकायची
एक पाय आत, एक बाहेर.
बाद, म्हणायच्या बाई.
पण बाई, मी निघालेय ना!

साडेतीनला लॉगमध्ये तेच सापडलं.
सोड, अशी आज्ञा जाते.
पलीकडून उत्तर येतं, स्वीकारली.
स्वीकारली म्हणजे झाली नव्हे,
हे मला तरी ठाऊक हवं होतं;
माझा व्हिसाचा अर्ज
सात महिने स्वीकारलेलाच होता.

आमचा कोड तेवढं ऐकतो आणि भिंतीला हात घालतो.
आठ वेळा स्टोरेज चपळ निघालं, निभावलं.
नवव्यांदा त्याला उशीर झाला.
तीनशे मिलिसेकंद.

हा भाग अलिस्टेअर गेडीजनं लिहिलेला.
तो आता ब्रॉटी फेरीला कुत्रं फिरवतो.
ओळीशेजारी टीप ठेवून गेलाय:
इथे थांबायला हवं का? बघू.
सहा वर्षं झाली त्या बघूला.

दुरुस्ती चार ओळींची.
विचार, सुटलं का? नाही? थोडं थांब. पुन्हा विचार.
किती थांबायचं, तिथं मात्र मी अडले.
कायम थांबणारा कोडही बिघडलेलाच.
साठ सेकंद लिहिले.
मग का कोण जाणे, नव्वद केले.

ती बेवारस जोडणी हातानं पुसली,
श्वास धरून, दोनदा वाचून.
पुन्हा बांधलं. डिस्क आली.
एक वाजून बारा मिनिटं: तीन पूर्णांक चार मीटर, चढतंय.
मग काहीच नाही.
मग पाच वाजून सहा: दोन पूर्णांक नऊ, उतरतंय.
मधे कधीतरी पाणी वळलं,
आमच्या नोंदीवाचून.

अलिस्टेअरच्या टिपेतलं बघू खोडलं,
बघितलं, असं लिहिलं,
चहा टाकला.
अजून तीन उरलीत.