पासष्टातून वजा

सकाळी सातला मी ऑफिसच्या मागे जाते,
उत्तरेच्या भिंतीपाशी, जिथे ऊन कधी पोचत नाही,
आणि हातमोजा दातांनी ओढून
पारा वाचते.
काल वर अकरा, खाली उणे एकोणीस.
रेडिओवाला विमानतळाचा आकडा सांगतो, तो मला चालत नाही.
विमानतळ टेकडीवर, आमची गिऱ्हाइकं सेंट जॉनच्या काठी,
आणि थंडी पाण्यासारखी उताराला लागते.

अकरा, उणे एकोणीस. बेरीज उणे आठ, निम्मे उणे चार.
पासष्टातून वजा उणे चार.
उणे वजा केलं की अधिक होतं,
हे सिस्टर क्लोटिल्डनं फळा बडवून सांगितलं तेव्हा
मला पटलं नव्हतं. इथे रोज पटतं.
एकोणसत्तर अंश-दिवस,
एका दिवसात.
वहीत मांडते, जुलैपासूनच्या बेरजेत मिळवते.

पासष्टच का, असं नवा पोरगा विचारतो.
पासष्टाच्या वर माणसाला कुणाची गरज लागत नाही, मी सांगते.
म्हणजे, भट्टीची.

घरटी एक कार्ड. कार्डावर एकच आकडा:
किती अंश-दिवसांना एक गॅलन तेल.
थिबोडोंचं घर साडेतीन, सहा पोरं आणि दार सदा सताड.
मिशो भावांचं नोव्हेंबरात एकदम घसरलं,
तर तळघरात कोंबडीची पिल्लं निघाली, दोनशे.
कुणाकडे पाळणा हलला, कुणाचा मुलगा गिरणी सुटून परत आला,
चर्चच्या आधी मला कळतं,
आणि मी कुणाला सांगत नाही.

डेल्फिन सिर: पाच. अकरा वर्षं पाच.
जानेवारीत आठशे अंश-दिवस भरले,
मी चिठ्ठी केली: एकशे साठ गॅलन.
ओनेझिमनं नळी लावली.
टाकी भरताना शिट्टी घालते, आतली हवा बाहेर पडते तोवर;
शिट्टी थांबली की भरली.
बासष्टलाच थांबली.
त्यानं मीटरवर टिचकी मारली, म्हणाला, नळी गोठली असेल.
नळी ठीक होती.

वरच्या मजल्याच्या काचांना आतून बर्फ होतं, तो म्हणाला.
जिन्याच्या तोंडाशी गोधडी खिळ्यांनी ठोकलेली.
स्वयंपाकघरात ती, अंगात रोझेअरचा शिकारीचा कोट,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
रोझेअर हॅलोवीनच्या आठवड्यात गेला.
आम्ही सगळे गेलो होतो, मीही पाय नेला होता, मांसाचा.

आठशेला बासष्टनं भागा.
बारा पूर्णांक नऊ.
असं घर या खोऱ्यात नाही.
नियमानं कार्डावर तो आकडा चढवायचा;
मग ट्रकला तिच्या वाटेला मार्चपर्यंत जायचं कारण नाही.

मी पाच तसाच ठेवला.
या वहीत माहीत असून लिहिलेली एकच चूक आहे,
ती पेन्सिलीनं आहे.
फर्नां म्हणतो, जेवढं तेल विकतो त्याहून जास्त ट्रकच पितो तिकडे जाताना.
आकडा अजून बसला नाही, मी म्हणते.
तो माझ्याकडे बघतो, मग खिडकीतून ट्रककडे,
मग विषय बदलतो.

दर पंधरवड्याला ट्रक जातो.
एकतीस गॅलन. अठ्ठावीस.
पावतीच्या मागे ओनेझिमचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर:
पायऱ्यांवरचं बर्फ काढलं.
पुढच्या खेपेला: पाय चांगला होता, म्हणते. पातेलं देते आहे.
पातेलं माझंच होतं, घासूनपुसून, आत चार बटाटे.

मार्चच्या मध्यावर, पाचशे अंश-दिवसांना,
एकाहत्तर गॅलन.
मागे काही लिहिलेलं नाही.
गोधडी खाली आली का, वर कुणी राहायला आलं का,
ओनेझिमनं सांगितलं नाही, तो बूट झटकत राहिला.
मी भागाकार केला.
सात, आणि वर थोडं.
ते थोडं मी पुढे भागत बसले नाही.
बाहेर गेले. पारा वाचायला अजून वेळ होता.