सील

पहाटे तीनला शलाकाचा व्हिडिओ आला.
तिकडे सकाळ. बोट हिंदकळतेय, तिच्यासोबत तिचा आवाजही,
"बाबा, बघा ना, सील!"
खडकावर पहुडलेली काळी ओली पोती,
त्यातल्या एकानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.
म्हणजे तिच्या फोनकडे.

मला सील म्हणजे लाख.
छत्तीस वर्षं पोस्टात, रजिस्टरच्या टेबलावर,
मेणबत्तीवर वितळणारी, पितळी ठशाखाली दबणारी.
उजव्या अंगठ्याला अजून एक गुळगुळीत डाग आहे,
तिथल्या कातडीला काही कळत नाही.

झीरो माइलपासून कुठंही निघा, समुद्र लांबच.
मी काटोल रोडनं निघालो.
मारबत होऊन आठवडा झालेला, तलाव काठोकाठ.
दौलत नान्हे म्हणाला,
"मधात बसा जी. हलू नोका."
आणि डालड्याचा जुना डबा हातात दिला,
डोंग्यात येणारं पाणी उपसायला.
म्हणजे भाडंही माझं आणि कामही.

वल्ह्याचे चाळीसेक फटके. मग वास.
सुक्या बोंबलाच्या गोदामात कुणी चुना कालवावा, तसा.
मग पाण्यात उभ्या मेलेल्या बाभळी, पांढऱ्याफटक,
आणि फांदीफांदीवर पाणकावळे,
पंख उघडून, बाही वाळत घातल्यासारखे.
पिल्लू आईच्या घशात मानेपर्यंत शिरलेलं,
आईचे डोळे मिटलेले.
"हा यायचा ले-आउट," दौलत म्हणाला.
"नासुप्रची मंजुरी नाही,
पण दरसाली प्लॉट वाढूनच रायले."

मी फोन काढला. तिला दाखवायचं होतं, आपल्याकडेही आहे.
अंगठा टेकवला.
पुन्हा टेकवला, पॅन्टला पुसून.
फोन म्हणाला, ओळख पटली नाही.

तेवढ्यात डोंग्याच्या अगदी कडेला
पाण्यातून एक डोकं वर आलं,
काळं, निथळणारं, हिरव्या डोळ्यांचं.
चोचीत आडवा मासा.
त्यानं मला पाहिलं. मलाच.
मासा उभा केला, गिळला,
आणि जिथून आलं तिथंच गेलं,
पाण्यावर एक गोल ठसा ठेवून.
तो वाढत वाढत बाभळींपर्यंत गेला.

"साहेब, पानी," दौलत म्हणाला.
चपला तरंगत होत्या.
मी डबा उचलला.