सातच्या पुढे

सातलिंगला सातपर्यंतच येत होतं.
एक दोन तीन चार पाच सहा सात
आणि मग पुन्हा एक.
तिसऱ्या वर्षी मास्तरांनी पाटी परत दिली,
अव्वा म्हणाली, राहू दे,
नावापुरतं आलं की.

माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा.
मी अण्णा म्हणायचो त्याला,
मग पुस्तकांत पुढे गेलो
तेव्हापासून नुसतं सातल्या.
तो तम्माच म्हणत राहिला,
माझे केस पिकले तरी.

कारखान्यात त्याच्याकडे चादरींच्या दशा, गाठी मारायला.
एकदा डझन बांधायला दिले
तर सातासातांचे गठ्ठे रचले
आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याला हाताला धरून दाखवले.
व्यापारी हसला. अप्पा हसले नाहीत.
त्यातली एक चादर अजून आहे घरात.
मधलं सूत विरलंय,
गाठ एकही सुटलेली नाही.

सकाळी कपाळावर विभूती, तीन बोटांची, वाकडी,
एक रेघ भुवईवर उतरलेली.
गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन खाटेवर बसायचा,
भिंतीपलीकडे माग खटखटत असायचे
आणि हा इतका गप्प
की मला वाटायचं, झोपला.
मग उठून रस्त्यावर.
दूधवाल्याला शरणु, हवालदाराला शरणु,
शेळीला, पाण्याच्या टँकरला,
मशिदीपाशी पंक्चर काढणाऱ्या दस्तगीरचाचांना,
ते म्हणायचे, शरणु बेटा, आज उशीर?
पोरं खडे मारायची. त्यांनाही शरणु.
एकदा त्या पोरांत मी होतो.

गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज पेलायची फार हौस,
पण हात थरथरायचे.
पांढरी बाराबंदी घालून कळशी घेऊन मागे चालायचा,
घामाघूम गड्यांना पाणी पाजत.
अक्षता पडल्या की माणसं पाळण्यांकडे पळायची,
हा वाकून दाणे वेचायचा, टोपीत,
चिमण्यांना लग्नाचं जेवण नको का, म्हणायचा.

माझ्यासाठी अक्कलकोटचं स्थळ घरी आलं
तेव्हा त्याला मागच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी लावून.
ठेवलं म्हणजे मीच ठेवलं.
चहाच्या कपांचा आवाज ऐकून
दारामागून म्हणाला, शरणु.
सगळे गप्प.
मुलगी उठली, कडी काढली,
शरणु शरणार्थी, म्हणाली.
पुढची सव्वीस वर्षं त्याची कडक भाकरी
तिनेच चुरून दिली, दुधात.

दर श्रावणात तो अडुसष्ट लिंगं करायचा, पायी.
एका सोमवारी मला नेलं बरोबर.
गल्लीबोळ, कुणाचं परसदार, एक लिंग तर गॅरेजच्या मागे,
आणि सगळीकडे त्याला ओळखणारं कुणीतरी.
सात झाले की पुन्हा एक.
नऊ वेळा सात झाले आणि वर पाच.
मी म्हटलं, झालं अण्णा, संपलं.
तो थांबलाच नाही.
माझ्या छातीवर पंजा ठेवला, म्हणाला, सहा.
मग स्वतःच्या छातीवर, सात.
आणि हसला, हिशेब जुळलेल्या माणसासारखा.
मी इकडेतिकडे पाहिलं,
कुणी बघत तर नाही ना.

मे महिन्यात गेला. वीज नव्हती,
ती ओल्या पंचाने वारा घालत होती.
आमच्यात बसवून पुरतात.
तळहातावर लिंग, मान किंचित खाली,
खाटेवर बसायचा तसाच.
मला वाटलं, झोपला.
दस्तगीरचाचा काठी टेकत आले,
मूठभर माती टाकली,
शरणु बेटा, म्हणाले.
पुढचं त्यांना म्हणता आलं नाही.

या श्रावणात मी एकटाच निघालो.
मला हजार, लाख, जीएसटीसकट सगळं येतं,
तरी सातानंतर एकच म्हणत गेलो.
दिवस कलताना पाच झाले.
शेवटच्या लिंगापाशी फूलवाली दुकान आवरत होती.
छातीवर हात ठेवला, म्हटलं, सहा.
आणि हात तसाच हवेत.
फूलवालीने विचारलं, काय शोधताय, काका?
तिच्या टोपलीआडून एक शेळी
माझ्याकडे बघत होती.