शब्दमर्यादा

अर्जाची मुदत शुक्रवार, रात्री बारा.
बुधवारी साहेब म्हणाले, "मांडलिक, तुमचं इंग्रजी बरंय,
तुम्हीच भरून टाका."
खंडेराव मार्केटातल्या कचेरीत, पंखा एकच्या पुढे जात नाही
त्या टेबलावर मी अर्ज उघडला.

आधीच सांगते, पैसे केंद्रासाठी नाहीत.
केंद्राच्या आराखड्यासाठी आहेत.
म्हणजे पाणी चढलं, किंवा ऊन पेटलं, तर
माणसांनी कुठं यावं
याचा विचार करण्यासाठी पैसे.

पहिला प्रश्न, शहराचं नाव.
वडोदरा लिहिलं.
घरी आम्ही अजून बडोदाच म्हणतो,
त्याला रकाना नव्हता.

चौथा प्रश्न, धोक्याचं स्वरूप.
लिहिलं: विश्वामित्री.
आणि बोट थांबलं. नदी आहे तिथंच आहे,
आम्ही तिच्या पसरायच्या जागेत भराव घातला
आणि त्यावर उभ्या केलेल्या सोसायटीला
'सरितादर्शन' नाव दिलं.
दर्शन होतं. दर दोन-चार वर्षांनी, पार्किंगमध्ये.
खोडलं. लिहिलं: अतिवृष्टी, पूर, उष्णतेची लाट.
मगरींचं काय करायचं ते सुचेना.
तिकडे दूर बसून वाचणाऱ्या बाईला
(ती बाईच असेल असं मी धरून चाललेय)
ते अतिशयोक्ती वाटलं असतं.

सातवा प्रश्न.
वस्तीने आजवर स्वतःहून काय केले? पुरावा जोडा.
शब्दमर्यादा दोनशे पन्नास.

गुरुवारी दुपारी भठ्ठ्यावर गेले, त्रेचाळीस अंशात.
पटसंख्येअभावी बंद झालेली शाळा,
आणि तिच्या किल्ल्या अजून कमरेला लावून फिरणारी रुखीबेन.
पूर्वी इथं झाडू मारायची. किल्ल्या कुणी परत मागितल्याच नाहीत.

त्या रात्री तिनं कुलूप काढलं.
कुणाची परवानगी, विचारलं तर हसली.
वरच्या दोन वर्गांत त्रेसष्ट माणसं, अकरा शेळ्या,
शकीलचा शिवणयंत्राचा मुंडा, एक ओली बाळंतीण.
बाकं फोडून चूल पेटवली, हे लिहू नको म्हणाली,
सरकारी बाकं होती.
तिसऱ्या दिवशी जिन्याच्या पाचव्या पायरीवर मगर.
दोघं जण आळीपाळीनं कंदील धरून बसले,
ती त्यांच्याकडे बघत, ते तिच्याकडे.

पाणी उतरलं तेव्हा रुखीबेननं भिंतीत खिळा ठोकला,
जिथवर ओल होती तिथं.
माझ्याकडे टेप नव्हता.
ती म्हणाली, तू ऊभी रहा ने खाली, फोटो काढ.
राहिले.
खिळा माझ्या भांगाच्या वर चार बोटं.

मग ती म्हणाली, पैसे आले की काय बांधणार?
म्हटलं, बांधणार नाही, नकाशा काढणार.
"एटले कागळ?"
हो, कागद.
तिनं नुसतं पायरीकडे पाहिलं.

शुक्रवारी रात्री अकरा वीस.
सातव्या उत्तराचे शब्द तीनशे बारा.
शेळ्या काढल्या. शिवणयंत्र काढलं.
बाळंतिणीची 'असुरक्षित गट' झाली, तरी नऊ शब्द जास्तच.
मगर जिन्यावरून पुसली.
'रुखीबेन' च्या जागी 'एक स्थानिक महिला' टाकून पाहिलं,
शब्द उलट वाढले.
तेवढ्यावर तिचं नाव राहिलं.

फोटो जड होता. तीनदा लहान केला.
माझा चेहरा गेला, पिवळसर काहीतरी उरलं,
खिळा मात्र दिसतोय.

अकरा छप्पन्न. अर्ज मिळाला, धन्यवाद.
निर्णय नोव्हेंबरमध्ये कळवला जाईल.

शनिवारी तिचा फोन. आलं का काही?
म्हटलं, नोव्हेंबर.
मधला पावसाळा ती मोजत असावी, इतका वेळ काही बोलली नाही.
"सारू," म्हणाली मग,
"कुलूप जाम झालंय.
आजच तेल घालून ठेवते."