तीन ऑक्सिमीटर, एक वही

रविवारचं पत्रक आता एकाच पानाचं.
पूर्वी चार पानं व्हायची, तरी
महिला मंडळाच्या लोणच्याला जागा उरायची नाही.
वाढदिवस मी तळाला टाकते,
कारण वरचा भाग भरत जातो
आणि त्याला मथळा काय द्यावा
मला मार्चपासून सुचलेलं नाही.

रास्ता पेठेत थंडी नेहमीसारखीच आली.
अंगणात ऊन, देवळाच्या दगडात गारठा,
गवताच्या गव्हाणीत मांजर, तीच, गेल्या वर्षीची.
शांतवनने बाकांवर एकाआड एक
निळ्या चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या.
ओहोळांची धाकटी विचारते,
मावशी, हे क्रूस असे कलले का?
म्हटलं, इथे बसायचं नाही म्हणून.
म्हटलं खरं,
मग माझं मलाच कसंतरी झालं.

सूचना.
प्रभुभोजनाला प्याला एक नसेल,
औषधाच्या टोपणाएवढे पेले, ज्याचा त्याला.
मध्यरात्रीची भक्ती संध्याकाळी सहाला;
अकरानंतर शहर बंद आहे,
बाळाने यंदा वेळेत जन्म घ्यावा.
तरुण संघ गाणी खालून म्हणेल,
आपण गॅलरीत उभं राहावं, फराळ देऊ नये.
(दमयंतीबाईंनी दिलाच.
तिसऱ्या मजल्यावरून, पिशवीला दोरी बांधून,
करंज्या हेलकावे खात उतरल्या,
सगळ्यांनी वर बघत गाणं अर्ध्यात सोडलं.)

शिध्याची बेचाळीस पुडकी:
तांदूळ, तूरडाळ, तेल, अंगाचा साबण.
मागच्या गल्लीतला वाघमोडे आला, क्लॅरिनेटवाला,
आठ महिने वरात नाही.
आम्ही तुमच्यातले नाही, चालेल का, म्हणाला.
थिओफिल खजिनदार, त्याला हिशेबाबाहेरचं बोलता येत नाही,
म्हणाला, तांदूळ तरी कुठे आमच्यातले आहेत?
भुसारवाल्याकडचे आहेत. इथे सही करा.

आणि ही वही.
मंडळीचे ऑक्सिमीटर तीन.
रकाने मीच आखले: नाव, नेला, परत.
लग्नाच्या पंगतीचं पातेलं द्यावं
तसे आम्ही श्वास मोजायला देतो,
चार दिवसांच्या बोलीवर.
तिसऱ्याची ओळ दोन तारखेपासून उघडी.
यहेज्केल रणदिवे सर. भूमिती.
पेठेतल्या निम्म्या लोकांना त्यांनी
काटकोन शिकवला, उरलेल्यांना छडी.
त्यांच्याबद्दल पत्रकात दोन ओळी आल्या,
पाळकसाहेबांनी लिहिलेल्या, बऱ्या होत्या.
ऑक्सिमीटरचं मी विचारलं नाही.
असं कसं विचारणार?

काल शलोमी स्वतःच आली, दारातच थांबली.
सरांच्या कंपासपेटीत, कर्कटकाच्या खाचेत,
ठेवला होता नीट.
सोबत आलेखाचा कागद, घडी घातलेला:
आडवे दिवस, उभे आकडे,
सकाळचा बिंदू, संध्याकाळचा बिंदू,
पट्टीने जोडलेले, टोकदार पेन्सिलीने.
सत्त्याण्णव. शहाण्णव. पुन्हा सत्त्याण्णव.
मग रेघ जिन्यासारखी उतरते.
शेवटचे तीन बिंदू जोडायचे राहिलेत.
प्रमाण मात्र कोपऱ्यात लिहिलंय:
एक सेंटिमीटर बरोबर दोन.

कागद तिचा, मी परत केला.
ती म्हणाली, एक प्रत काढून ठेवाल?
कशासाठी, ते तिलाही ठाऊक नसावं.
मी काढली. झेरॉक्समध्ये पेन्सिल फिकी येते.

ती गेल्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला
आणि उगाच माझं बोट घातलं.
अठ्ठ्याण्णव.
कुणी नव्हतं तरी चटकन काढून घेतलं,
जसं उपासाच्या घरात कुणी जेवताना दिसावं.

'परत' या रकान्यात तारीख लिहिली.
त्याच शाईने खालची ओळ:
एस्तेर भांबळ, घोरपडी, सासऱ्यांसाठी,
मुलगा मोटारसायकल चालू ठेवूनच उभा आहे.
सेल बदलले, बारीक, दोन.
पावती जपून ठेवली पाहिजे,
थिओफिल सोमवारी मागेल.