नवीन रेकॉर्डिंग ४१

ग्लॅडविनने ओर्लेमची खोली सोडताना
गिटार अठराशेला दिली.
ब्रिजखाली केसाएवढी चीर आहे, म्हणाला, पण बोलते.
चीर आधी दाखवून मग विकणारा माणूस
मी तोवर पाहिला नव्हता.

माइक नाही. फोन आहे, कोपऱ्यात तडकलेला.
तो तूरडाळीच्या डब्यावर उभा करते,
मागे टेकण म्हणून मिठाची बरणी.
पहिले आठ दिवस त्याचं तोंड
गिटारच्या भोकासमोर धरलं
आणि ऐकताना वाटलं,
कुणी पिंपात बसून बोलतंय.
मग डबा सरकवत गेले, रोज थोडा,
बाराव्या पट्टीसमोर, वीतभर आणि वर चार बोटं.
तिथे आवाजाला हाड आलं.

दोन खिळ्यांवर गोधडी.
भिंत आवाज परत फेकते, गोधडी गिळते.
पंखा बंद. फ्रिजही बंद,
आणि दोनदा दूध नासल्यापासून
घराची किल्ली दुधाच्या पिशवीवर.
म्हणजे फ्रिज उघडल्याशिवाय
कामावर जाताच येत नाही.

विश्राम कबूल करून झोपतो
की घोरणार नाही.
सतराव्या रेकॉर्डिंगमध्ये तो घोरलाय,
पण असा नेमका समेवर
की पुसवलं नाही.

कन्नमवार नगरात पहाटे चारला
हायवे जरा दम खातो.
तेवढीच माझी वेळ.
सातला रक्तपेढीत पोचायचं,
तिथे दिवसभर बाटल्या, नावं, गट, तारखा,
बोटांच्या टोकांवर तारांचे वळ,
हातमोज्यातूनही झोंबणारे.

आणि चार चाळीसला
खाली शिवमूर्ती मोटर लावतो.

नऊ ते तेहतीस, सगळी त्यातच गेली.
गोधडी दुहेरी केली.
फोनला विश्रामचा लोकरी मोजा घातला.
खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलं.
मोटर भिंतीतून येत होती,
फरशीतून, खुर्चीच्या पायांतून,
माझ्या मांडीतून वर गिटारमध्ये.
तिला दाराची गरजच नव्हती.

चौतिसाव्याला मी वाजवलंच नाही.
फोन चालू ठेवून नुसती बसले.
मोटरही सूर धरून बसली होती,
पंचेचाळीस मिनिटं, एकाच श्वासात,
आमच्या गल्लीत इतका दमसास कुणाचा नाही.
जाड तारेवर तिसरी पट्टी दाबून पाहिली.
तोच सूर, जवळजवळ.
मोटर केसभर चढी.

ती काही उतरणार नव्हती.
मी चढले.
सहाही खुंट्या एकेक करून, जरा जरा,
एक डोळा त्या चिरेवर ठेवून.
तार तुटली असती तर साठ रुपये,
ब्रिज उखडला असता तर
ग्लॅडविनला तोंड कसं दाखवलं असतं.

मग हात टाकला
आणि खालून अख्खी इमारत आत आली.
पाइप, गच्चीवरची टाकी,
चौथ्या मजल्यावरचा गळका व्हॉल्व्ह,
तंबोरा मांडीवर घेऊन
कुणी न बोलता मागे येऊन बसावं तशी.

एक्केचाळीसमध्ये दोनदा बोट घसरलंय.
शेवटी दुधाचा टेम्पो आहे,
आणि त्याच्यानंतर माझंच, हळूच,
‘हां.’
राहू दिलं.

त्याच दिवशी गेटवर शिवमूर्तीने थांबवलं.
ताई, वरच्या राजवाडे मॅडम सांगत होत्या
तुमचं पहाटेचं ते वाजवायचं असतं.
दहा मिनिटं उशिरा लावू का मोटर?
नको, नको, मी म्हटलं, वेळेवर लाव.
एक मिनिटसुद्धा इकडंतिकडं नको.
मी जरा जोरातच बोलले असणार.
तो कॉलर सारखी करत म्हणाला,
नाही, मी आपलं विचारलं.

त्याला सांगायला हवं होतं.
पण बस दिसली, धावले,
आणि पर्समध्ये सुटे पैसे शोधताना
हाताला किल्ली लागली,
अजून गार.