गासडी

जिनातली आग दिसत नाही.
गासडी वरून पांढरी, थंड, शहाण्यासारखी बसलेली,
आत तिसऱ्या दिवशीही धुमसत असते.
हात खुपसून बघावं लागतं.
माझ्या उजव्या पंज्यावरचे केस
म्हणून परत आलेच नाहीत.

डभोईत बंब एकच. आम्ही चौघे,
दोघे कंत्राटी, त्यातला मी.
बडोद्याहून दुसरा बंब येतो
तेव्हा राख निवत आलेली असते,
आणि गर्दीतून कुणीतरी ओरडतंच : मोडा आव्या!
हे मला आता स्वतःच्या नावासारखं ऐकू येतं.

शेठनं पंचनाम्यात लिहून घेतलं :
आगीनं किती नेलं, पाण्यानं किती.
पाण्याचा आकडा मोठा होता.

वासंती माझा गणवेश वेगळ्या बादलीत भिजवते.
तरी उशीला वास येतो.
भाजलेल्या शेंगांचा, असं मुलगी म्हणते,
कौतुकानं.

बाकी वर्षभर, खरं सांगू,
विहिरीतली म्हैस,
पुढाऱ्याच्या हेलिपॅडवर शिडकावा,
पगाराची वाट.

आणि उत्तरायणात पाखरं.
परवा हिरा भागोळीपाशी तारेवर एक घुबड,
पंखात मांजा.
शिडी लावली. खाली पोरं
हातातली ढील विसरून उभी.
दोरा कापेपर्यंत त्यानं नखं रुतवली माझ्या पंज्यात,
त्याच, बिनकेसांच्या.
मग उडालं. जरा तिरकं.

गर्दी होती, पण कुणी ओरडलं नाही.
जेणाभाईनं चहा पुढे केला.
पैसे मात्र घेतले.